सिस्टर, एम.ए. करून काय मिळालं?

आठवड्यातून एक तरी फोन येतो. कधी दुसऱ्या तालुक्यातली सिस्टर, कधी अंगणवाडीताई, कधी शाळेतल्या बाई. "तुम्ही ते घरबसल्या सायकॉलॉजीचं एम.ए. केलं ना, त्याचं जरा सांगा की. मलाही करायचंय."

हल्ली मी आधीच सांगून टाकते की ते दुकान बंद झालं. जुलै-ऑगस्ट 2025 च्या सत्रापासून दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीनं मानसशास्त्राला नवे प्रवेश देऊ नका, असं यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, विद्यापीठांना कळवलं. पोषण-आहारशास्त्रासारखे आरोग्याशी जोडलेले आणखी काही विषयही त्यात आहेत. मुळाशी 2021 चा आरोग्यसेवा व्यवसायांचा कायदा आहे.

मग बंद दुकानाचा रिव्ह्यू कशाला लिहायचा? एक तर जे आधीपासून आत आहेत ते अजून पेपर देतायत, त्यांना उपयोग होईल. आणि दुसरं म्हणजे, हे दुकान बंद झाल्याबरोबर त्याच गल्लीत टपऱ्या लागल्यात. 'तीस तासांत सर्टिफाइड काउन्सेलर' अशी जाहिरात माझ्या व्हॉट्सअॅपवर गेल्या महिन्यात तीनदा आली. घेण्याआधी माल कसा पारखायचा ते कळावं, म्हणून लिहिते.

विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. मला तक्रारीही करायच्यात आणि मी सरकारी नोकर आहे.

माझ्याबद्दल थोडं. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झाले, नोकरीला लागले, एकवीस वर्षं झाली. माळशिरस तालुक्यात, ग्रामीण रुग्णालयात. मध्ये मुलं लहान असताना नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं, मराठीतून. रात्रपाळीला पेशंट झोपले की पुस्तक काढायचं, अशी सवय तेव्हाच लागली. एम.एस्सी. नर्सिंगला मेंटल हेल्थ हा विषय असतो, तोच का नाही घेतला, असं बरेच जण विचारतात. त्याला बी.एस्सी. नर्सिंग लागतं आणि पूर्ण वेळ कॉलेजात जावं लागतं. जीएनएम, दोन मुलं आणि सासूबाई घरी असलेल्या बाईनं कुठून जायचं?

मानसशास्त्रच का, तर कॅज्युअल्टीमुळे. आमच्या भागात फवारणीचं औषध पिऊन आलेला पेशंट ही बातमी नसते. ट्रॉली आत येते, डॉक्टर ऑर्डर देतात, आम्ही सलाइन लावतो, अॅट्रोपिन भरतो, बाहुल्या बघतो, नाडी मोजतो. हे सगळं हात आपोआप करतात. पण दोन दिवसांनी तोच पेशंट शुद्धीवर येऊन कॉटवर बसलेला असतो, भिंतीकडे बघत. त्याच्यापाशी जाऊन काय बोलायचं हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. मी म्हणायचे, "असं करतात का? पोरांचा विचार करायचा ना." आणि पुढच्या कॉटकडे वळायचे. एकवीस वर्षांतली पंधरा-सोळा वर्षं मी हेच म्हणत होते. त्याच्याकडे न बघता म्हणत होते, हे आता आठवतं.

जुलै 2021 ला प्रवेश घेतला. कोविडची दुसरी लाट नुकती ओसरली होती. ऑफिसकडून ना-हरकत मिळवायला प्रवेशापेक्षा जास्त दिवस लागले.

महिन्याभरानं पुस्तकांचा खोका आला, आठ-नऊ किलोचा तरी असेल. पोस्टमनभाऊ म्हणाले, "सिस्टर, मिक्सर मागवला काय?" पहिल्या वर्षाला सहा पेपर आणि प्रॅक्टिकल : बोधनिक मानसशास्त्र (विचार, स्मरण वगैरे), माणसाची वाढ आणि विकास, व्यक्तिमत्त्व, सामाजिक मानसशास्त्र, संशोधन पद्धती आणि संख्याशास्त्र. दुसऱ्या वर्षाला क्लिनिकल, समुपदेशन किंवा उद्योगातलं मानसशास्त्र यांतला एक गट निवडायचा. मी समुपदेशन घेतलं. हिशेब क्रेडिटचा. एक क्रेडिट म्हणजे 30 तासांचा अभ्यास. तास कागदावरचे असतात, कुणी घड्याळ लावून बसत नाही. लेखी परीक्षेला 70 टक्के, घरून लिहायच्या असाइनमेंटला 30.

असाइनमेंटचं आत्ताच उरकते. हातानं लिहून द्यायच्या. अभ्यासकेंद्राजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात त्या तयार मिळत होत्या, दोन वेगवेगळ्या अक्षरांत. "ताई, मोत्यासारखं पाहिजे का साधं?" असं त्यानं मला विचारलं होतं. मी स्वतः लिहिल्या. मार्क त्या दुकानाच्या गिऱ्हाइकांना जास्त पडले. विषय संपला.

पुस्तकं चांगली होती. मनापासून सांगते. एकट्यानं वाचणाऱ्या माणसासाठी लिहिलेली, छोटे छोटे भाग, मध्येच प्रश्न, शेवटी शब्दांचे अर्थ. एखादा भाग डोक्यावरून गेला तर मी इग्नूच्या ई-ज्ञानकोशवर जायचे. तिथं त्यांच्या अभ्यासक्रमांची पुस्तकं मोफत वाचता येतात, प्रवेश घेतलेला नसला तरी. प्रवेश चालू होते तेव्हा हे मी प्रत्येक फोनवाल्या ताईला सांगायचे : पैसे भरायच्या आधी तिथलं एक पुस्तक वाचा. चाळीस पानांनंतरही वाचावंसं वाटलं तरच पुढचं बोलू. निम्म्या जणींचा पुन्हा फोन यायचा नाही.

प्रॅक्टिकलची मजा वेगळी. मला वाटलं होतं मनाचे प्रयोग म्हणजे काहीतरी गूढ असणार. निघालं काय, तर एबिंगहाउस नावाच्या जर्मन गृहस्थानं 1885 मध्ये छापलेला प्रयोग : निरर्थक अक्षरं पाठ करायची आणि किती वेळानं किती विसरतो ते मोजायचं. मी घरच्यांना कामाला लावलं. झुप, टाघ, मिढ, लोझ अशी यादी केली. थोरला दुसऱ्या दिवशी निम्मी विसरला. सासूबाईंनी मात्र त्यांना चाल लावून ओवीसारखी म्हटली आणि आठवड्यानं घडाघडा म्हणून दाखवली. निरर्थक गोष्टीला सुद्धा अर्थ चिकटवल्याशिवाय माणसाला राहवत नाही, हे पुढं पुस्तकात वाचलं तेव्हा सासूबाईच डोळ्यांपुढं आल्या.

मग आरशातलं चित्र. एका चांदणीच्या दोन रेघांमधून पेन्सिल फिरवायची, पण हात पडद्याआड, दिसतं ते फक्त आरशात. डावं-उजवं, वर-खाली यांची गल्लत होते आणि पेन्सिल भलतीकडेच पळते. आमचे डॉक्टर रेघांबाहेर बावीस वेळा गेले आणि मग त्यांना तातडीचा फोन आला. आमच्या सफाईच्या मावशी बसल्या. पहिल्या वेळी चुकल्या, दुसऱ्या वेळी कमी, चौथ्या वेळी तीनच चुका. मी विचारलं, "मावशी, कसं काय जमलं?" त्या म्हणाल्या, "सिस्टर, रांगोळी काढताना समोरच्या बाजूनं काढायची वेळ येती की, उलटी. हात बघायचा न्हाई, रेघ बघायची." एका हाताचा सराव दुसऱ्या हाताला किती उपयोगी पडतो ते मोजायचं होतं. मावशींचा डावा हातही डॉक्टरांच्या उजव्यापेक्षा बरा निघाला. जर्नलमध्ये मी हे जसंच्या तसं लिहिलं. परीक्षकांनी खाली लाल पेनानं फक्त टिक केली.

रेव्हनच्या आकृत्यांच्या चाचणीनंही मला विचारात पाडलं. बुद्धी मोजायची ही 1938 ची चाचणी. साठ आकृत्या, बारा-बाराचे पाच संच, प्रत्येकीत एक तुकडा गायब. भाषा लागत नाही म्हणून ती सगळ्यांना सारखी, असं म्हणतात. पण कागदावरच्या चौकटी वाचायची सवय ही सुद्धा शाळेतूनच येते. चौथी शिकलेल्या माणसापुढं ती पुस्तिका ठेवली की तो आधी आकृती बघत नाही, माझ्या तोंडाकडं बघतो, की बाई नापास करणार का.

आता संख्याशास्त्र. इथं जरा थांबते, कारण बहुतेक जण याच पेपरात अडकतात. मी दहावीनंतर गणिताला हात लावला नव्हता. जून 2022 ला 36 मार्क पडले, पास व्हायला 40. डिसेंबरला रजा मिळाली नाही. उरला जून 2023. आणि तेव्हा आली वारी.

बाहेरच्यांना वारी टीव्हीवर दिसते. आमच्या तालुक्यातून माउलींची पालखी जाते तेव्हा रुग्णालयात कुणाची रजा मंजूर होत नाही. त्या वर्षी आषाढी 29 जूनला होती. पालखी आमच्याकडं असतानाच माझा पेपर सोलापुरात, शंभर किलोमीटरच्या वर. रात्री बारापर्यंत मी तंबूत बसून तळपायांचे फोड साफ करत होते, ओआरएस पाजत होते. बाजूला कॅल्क्युलेटर आणि संख्याशास्त्राचं पुस्तक. एक वारकरी आजोबा पाय पुढं करून बसले होते. त्यांनी विचारलं, "काय वाचताय?" मी म्हटलं, "हिशेब." ते म्हणाले, "कशाचा?" मला सांगता येईना. प्रमाण विचलन कसं सांगायचं? मग म्हटलं, "आजोबा, समजा दिंडीतली माणसं रोज सरासरी वीस किलोमीटर चालतात. पण कुणी पुढं पळतं, कुणी मागं रेंगाळतं. ती पांगापांग किती, ते मोजायचं." आजोबा हसले. "ते चोपदाराला इचारा."

त्या रात्री मला प्रमाण विचलन कळलं. दोन वर्षं पाठ करून कळलं नव्हतं.

तसंच पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारच्या चुकीचं. पुस्तकात ते इतकं किचकट की रडू यावं. मी ते कॅज्युअल्टीत आणून बसवलं. रात्री दोनला छातीत दुखतंय म्हणून माणूस आला. आपण आधी धरून चालतो की पित्त असेल. नुसतंच पित्त असताना घाबरून ॲम्ब्युलन्सनं पुढं पाठवला, ही पहिल्या प्रकारची चूक. खरंच हार्ट ॲटॅक असताना पित्ताची गोळी देऊन घरी पाठवला, ही दुसऱ्या प्रकारची. पहिल्या चुकीनं डिझेल जातं, दुसरीनं माणूस. एक टाळायला गेलं की दुसरी वाढते, हे कुठल्याही सिस्टरला आधीपासून माहीत असतं. तिला फक्त त्याचं इंग्रजी नाव माहीत नसतं.

पहाटे चारला भावानं मोटारसायकलवर अकलूजला सोडलं, कारण पालखी मार्गावर गाडी हलत नव्हती. तिथून टेंभुर्णीमार्गे एसटी. त्याच मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट सुरू झालेलं, त्यामुळं गाडीत उभं राहायलाही जागा नव्हती. टेंभुर्णीपर्यंत उभ्यानं सूत्रं म्हटली. 58 मार्क पडले.

भाषेचं मात्र मला सगळ्यात जास्त खटकलं. माझ्या अभ्यासक्रमाचं माध्यम इंग्रजी. बी.ए. मराठीतून झालेलं, त्यामुळं पहिले सहा महिने शब्दकोश उशाशी. पण इंग्रजी कच्चं असणं ही छोटी अडचण. ते येतं हळूहळू. खरी अडचण अशी की ज्या माणसांशी मला बोलायचंय, त्यांचं दुखणं त्या पुस्तकांत नाही. नैराश्य मोजणाऱ्या चाचण्यांत प्रश्न असतात : तुम्हाला दुःखी वाटतं का, निराश वाटतं का. आमच्याकडची बाई कधी म्हणते का 'मला दुःखी वाटतं'? ती म्हणते, "करमंना झालंय." "कशात जीव लागंना." "डोक्यात मुंग्या आल्यात." "उरावर दगड ठेवल्यावानी होतंय." आणि सर्रास म्हणते, "बाहेरचं बघितलंय, तरी फरक न्हाई."

'करमत नाही' याचं इंग्रजी करून बघा. कंटाळा नव्हे, एकटेपण नव्हे, दुःखही नव्हे. सासरी आलेल्या मुलीला करमत नाही, नवरा गेलेल्या म्हातारीला करमत नाही, रिटायर झालेल्या गुरुजींना करमत नाही. तिन्हींचं वेगळं. चाचणीत याला चौकट नाही. प्रकल्पासाठी मी याच विषयावर लिहायचं ठरवलं होतं, गावातल्या बायका मनाचं दुखणं कुठल्या शब्दांत सांगतात असा. मार्गदर्शक म्हणाले, प्रमाणित चाचणी वापरलेला विषय घ्या, पास व्हायला सोपं जातं. मी ऐकलं. नर्सेसमधला कामाचा ताण हा विषय घेतला, साठ जणींकडून फॉर्म भरून घेतले, टक्केवारी काढली. पास झाले. तो प्रकल्प मी पुन्हा उघडून बघितलेला नाही. बायकांच्या शब्दांची वही मात्र ड्रॉवरमध्ये आहे. एकशे चाळीसच्या आसपास शब्द झालेत.

आता इंटर्नशिप. 8 क्रेडिट, म्हणजे 240 तास. दुसऱ्या वर्षातली हीच गोष्ट खरी, बाकीचं वाचन.

आधी एका खासगी समुपदेशन केंद्रात विचारायला गेले. तिथल्या बाईंनी पाच मिनिटांत दर सांगितला. तेवढे पैसे भरा, शेवटी प्रमाणपत्र न्या, मध्ये यायची गरज नाही. "तुम्ही नोकरीवाल्या, तुम्हाला कुठं वेळ असतो!" असं वर प्रेमानं म्हणाल्या. मी बाहेर येऊन रसवंतीवर बसले आणि मला खरंच मोह झाला. घरून शंभर किलोमीटर, आठवड्यातून दोन खेपा, वीस आठवडे. इकडं नुसती एक सही.

नाही केलं, कारण ओळखीनं एका सरकारी मानसोपचार विभागात परवानगी मिळाली. ड्यूट्या बदलून घेतल्या. रात्रपाळी संपवून सकाळची एसटी, दुपारपर्यंत ओपीडी, मग वॉर्ड, संध्याकाळी परत. तिथल्या डॉक्टर मॅडम माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असतील. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला नुसतं कोपऱ्यात बसवलं. दुसऱ्या आठवड्यात म्हणाल्या, या आजींशी बोला, मी ऐकते.

आजींचा मुलगा गेलेला. चार महिने जेवण नाही, झोप नाही. मी सवयीनं त्यांचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "घाबरू नका आजी, सगळं ठीक होईल." आजी गप्प. मी म्हटलं, "थोडं थोडं खायला सुरुवात करा. देवाचं नाव घ्या. नातवंडांकडं बघा." आजींनी मान हलवली, हो बाई, हो. दहा मिनिटांत माझं बोलणं संपलं.

आजी गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "सिस्टर, आजी काय म्हणाल्या?"

मी आठवायला लागले. आजी काहीच म्हणाल्या नव्हत्या. मीच बोलत होते.

"एक महिना," मॅडम म्हणाल्या, "'घाबरू नका' आणि 'सगळं ठीक होईल' ही दोन वाक्यं बंद. म्हणाविशी वाटली की पाणी प्या."

तो महिना मी इतकं पाणी प्यायले की विचारू नका. इतक्या वर्षांची सवय. इंजेक्शन देताना, टाके काढताना, बाळंतिणीला कळा येत असताना, आम्ही हेच म्हणतो आणि तिथं ते बरोबरही असतं. पण मनाच्या दुखण्यात 'घाबरू नका' म्हणजे 'तुझी भीती मला दाखवू नको' असंच ऐकू जातं. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा धडा मी तोपर्यंत दोनदा वाचला होता. समोरच्याचं मन त्याच्या जागी बसून समजून घ्यायचं, विनाअट स्वीकारायचं, आपण खोटं वागायचं नाही, हे तिन्ही मुद्दे असाइनमेंटमध्ये उदाहरणांसकट लिहून 10 पैकी 8 मार्क घेतले होते. आणि आजींसमोर एकही आला नाही.

तिसऱ्या खेपेला आजी पुन्हा आल्या. मी काही बोलले नाही. खूप वेळ गेला. घड्याळ बघायचा मोह आवरला. मग आजी म्हणाल्या, "त्याच्या चपला दारात तशाच हायत. सून म्हणती काढा. मी काढू देत न्हाई." मी विचारलं, "कुठल्या चपला, आजी?" आणि मग पुढची चाळीस मिनिटं त्या बोलत होत्या, चपलांवरून सुरू होऊन पार त्याच्या शाळेपर्यंत. मी चार वाक्यं बोलले असेन. त्या दिवशी मॅडमनी काही शेरा मारला नाही. त्यांनी दोघींना चहा सांगितला.

यासाठी मी 240 तास दिले, आणि यासाठी आणखी 240 दिले असते. पण हे मला विद्यापीठानं दिलं नाही, नशिबानं भेटलेल्या मॅडमनी दिलं. रसवंतीसमोरच्या केंद्रात पैसे भरले असते तरी मार्कशीट अगदी हीच आली असती, आणि माझा सगळ्यात मोठा राग त्यावर आहे. दोन वर्षांत, एकाही दुःखी माणसासमोर न बसता, माणूस समुपदेशनात एम.ए. होऊ शकत होता. माझ्या ओळखीत झालेतही. यूजीसीनं दार बंद केलं तेव्हा मला धक्का बसला, पण आश्चर्य वाटलं नाही. दुखणं खरं होतं. औषधाबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. इंटर्नशिपची जागा विद्यापीठानं ठरवून द्यायला हवी होती, तिथं कुणीतरी आपलं बोलणं ऐकायला हवं होतं, तोंडी परीक्षा कडक घ्यायला हवी होती. त्याऐवजी दारच लावलं. आता माझ्यासारखी तालुक्यातली बाई नोकरी सोडून शहरात नियमित वर्गाला जाणार, असं कुणाला वाटतं?

ज्यांचा गैरसमज असतो त्यांच्यासाठी एक गोष्ट ठणकावून सांगते. एम.ए. झालं म्हणून दारावर 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' अशी पाटी लावता येत नाही. दूरस्थ असो नाहीतर कॉलेजात जाऊन केलेलं असो, नुसतं साधं एम.ए. त्याला पुरत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते, आणि ती परिषदेनं मान्यता दिलेल्या, प्रत्यक्ष पेशंटसोबत पूर्णवेळ शिकवणाऱ्या अभ्यासक्रमानंतरच मिळते. ही परिषद 1992 च्या कायद्यानं झालेली आहे, कुणाची खासगी संघटना नव्हे. कुणी तीस तासांचं प्रमाणपत्र विकत असेल तर त्याला एवढंच विचारा की या नोंदणीचा नंबर मिळेल का. फोन लगेच कट होतो. मी करून बघितलंय.

पैशाचं. फी, परीक्षा, चाचण्यांच्या पुस्तिका, प्रवास, झेरॉक्स सगळं धरून माझे 31 हजारांच्या आसपास गेले. त्यात एसटीच निम्म्याच्या जवळ. पगारात एक रुपया वाढला नाही, सेवापुस्तकात एक ओळ वाढली.

मग मिळालं काय? वॉर्डातलं सांगते. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम 115 मी या अभ्यासातच पहिल्यांदा नीट वाचलं. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून चालायचं, त्याला शिक्षा करायची नाही, आणि त्याची काळजी घेणं, उपचार, पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. पोलिसांना कळवण्याचा कागद आजही जातो, एमएलसी, म्हणजे मेडिकोलीगल केसची नोंद होते. पण त्याआधी आम्ही सगळे कॉटजवळ उभं राहून मोठ्यानं बोलायचो, "पोलीस केस आहे हा." नातेवाईक गडबडून जायचे, पेशंट डोळे मिटून घ्यायचा. आता ते वाक्य आमच्या वॉर्डात कॉटजवळ कुणी बोलत नाही. मी नोटीस लावली नाही, नुसती प्रत्येकीला बाजूला घेऊन कलम दाखवलं. घरी सोडताना कार्डाच्या मागं 14416 लिहून देते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, फुकट लागतो, मराठीत बोलतात. आधी मीच एकदा लावून बघितला होता. न बघता पेशंटला कसा द्यायचा?

आणि तिसऱ्या दिवशी भिंतीकडं बघत बसलेल्या त्या माणसाजवळ मी आता स्टूल ओढून बसते. ड्यूटीत जमलं तर दहा मिनिटं, नाहीतर पाच. बहुतेक वेळा तो काही बोलत नाही. परवा एकजण फक्त एवढंच म्हणाला, "सिस्टर, बाहेर पाऊस हाय का?" मी म्हटलं, "हो, भुरभुर आहे." मग आम्ही दोघं खिडकीतून बघत बसलो. हे औषधाच्या चार्टवर कुठं लिहायचं ते मला अजून माहीत नाही.

स्टारच द्यायचे तर पुस्तकांना साडेचार. प्रॅक्टिकलला चार, त्यातला एक मावशींचा. भाषेला एक. देखरेखीला शून्य. मॅडमना द्यायला पाच पुरत नाहीत, आणि तसंही त्या या अभ्यासक्रमात मोडत नाहीत.

पुस्तकांचा खोका माझ्या घरी माळ्यावर आहे, दोन्ही वर्षांचा. ज्यांचं दुसरं वर्ष अडकलंय आणि पेपर बाकी आहेत त्यांनी ओळखीतून निरोप द्यावा, येऊन न्यावा. संख्याशास्त्राच्या पुस्तकावर चहाचा मोठा डाग आहे, तो वारीतला. पान 112 वर आजोबांनी आपलं नाव लिहून ठेवलंय, मी झोपले असताना. ते पान फाडू नका.